रविवारचा ओझोन

हवा गाळणाऱ्या चकतीचा काठ पांढरा होता. यंत्राच्या कड्याखाली दाबून बसलेला तेवढा भाग, नखाच्या टोकाइतक्या रुंदीचा, जसा पाठवला तसाच परत आला होता. त्याच्या आतलं वर्तुळ, जिथून आठवडाभर हवा आरपार ओढली गेली होती, ते मात्र पांढरं नव्हतं. करडंही नव्हतं. अगदी फिकट तपकिरी होतं. पांढऱ्या कपात चहाचा थेंब सुकून राहावा आणि कप धुतल्यावरही त्याची सावली उरावी, तसं. तिने चिमट्यात धरलेली चकती दिव्याखाली जराशी तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. रंग दिव्याचा नव्हता. शहरातल्या चकत्या काळ्या येत, त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघतही नसे. पण ही डोंगरावरची होती. डोंगरावरची चकती इतकी वर्षं अशी पांढरी येत होती की जुन्या माणसांनासुद्धा डबीवरची चिठ्ठी वाचून खात्री करावी लागे, ही वापरलेली आहे की कोरी.

वजनाच्या खोलीत ती एकटीच होती. या खोलीत एका वेळी एकाच माणसाने असायचं, असा नियमच होता, आणि तो तिला इतका मानवला होता की आता तो नियम आहे हे ती विसरून गेली होती. हवा ठरलेल्या तापमानाची, ठरलेल्या दमटपणाची. चकत्या एक दिवस आधी इथे आणून नुसत्या ठेवायच्या, बाहेरून आलेलं पाणी त्यांच्या अंगातून जाऊ द्यायचं. माणसानेही आल्याआल्या काट्याला हात लावायचा नाही. थोडा वेळ स्टुलावर बसायचं, श्वास खाली येऊ द्यायचा, अंगावरची वीज जमिनीत जाऊ द्यायची. हाताला मलम नको, केसांना तेल नको, अत्तराचं तर नावच नको. नवीन आलेली माणसं या बसण्याला कंटाळत. तिला वाटे, दिवसातून दोनदा काहीही न करता बसायला पगार देणारी दुसरी नोकरी शोधून सापडली नसती. दगडी चबुतऱ्यावरचा काटा, त्याची काचेची दारं, आत ठेवलेल्या चकतीचा आकडा हलतो, थरथरतो आणि शेवटच्या घरात येऊन थांबतो, तो क्षण. आजही तो थांबला. वजन थोडंसंच जास्त होतं. दुसऱ्या कोणत्याही ठिकाणची असती तर तिने पुढची चकती उचलली असती.

आज मात्र पुढची चकती उचलण्याआधी ती बसून राहिली, कारण त्या डोंगराचा आणि तिचा आणखी एक हिशेब बाकी होता आणि तो उद्या सकाळी संपणार होता. सकाळीच प्रमुखबाई दारातून डोकावून म्हणाल्या होत्या, "उद्या येताना उत्तर घेऊन या हं. आता वरच्यांना काय सांगायचं तेच उरलं नाही. आणि यानंतर तुमचं वय बसणार नाही, तेवढं लक्षात ठेवा." डोंगरावरच्या केंद्रात दोन वर्षं राहायला माणूस हवा होता. पहिल्यांदा विचारलं तेव्हा लेक शाळेत होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, घरी विचारून सांगते, आणि दोन्ही वेळा घरी विचारलं नव्हतं. लेक आता स्वतःच्या संसारात आहे, सासूबाई गेल्या, आणि तिसऱ्यांदाही तोंडातून तेच वाक्य निघालं. प्रमुखबाईंच्या मनात त्यामुळे तिच्या नवऱ्याचं एक चित्र तयार झालं असणार. मिशीवाला, तापट, बायकोला उंबरा ओलांडू न देणारा. प्रत्यक्षात त्याला मिशी नव्हती आणि डोंगराबद्दल त्याच्या कानावर एक अक्षरही गेलं नव्हतं.

तपकिरी. तिने चकतीचा एक तुकडा कापून पाण्यात घातला आणि शेजारच्या खोलीतल्या यंत्राला लावून दिला. उत्तर यायला दुपार होणार होती, पण रंगावरून तिला अंदाज होता. डिझेलची काजळी खोल काळी असते, मखमलीसारखी, प्रकाश गिळून टाकणारी. दगडी कोळसा करडा पडतो आणि त्याच्याबरोबर गंधकही येतं. लाकूड तपकिरी असतं. जळणं म्हणजे एकच गोष्ट असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. सगळं नीट जळलं तर शेवटी फक्त पाणी आणि कर्बवायू उरायला हवा, ना रंग ना वास. पण नीट जळायला लागणारी हवा, वेळ आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एका वेळी कोणाच्या वाट्याला येतात? आई रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची तेव्हा ती बाजूला उकिडवी बसायची. ज्योत पिवळी असली की आई म्हणायची, "ही बडबडी आहे, भांडं काळं करणार." मग पिन मारून, पंप मारून ती निळी व्हायची आणि आई म्हणायची, "आता शहाणी झाली." पिवळा रंग हा न जळलेल्या कर्बाच्या कणांचा, ते तापून चमकत असतात म्हणून, हे तिला कितीतरी वर्षांनी पुस्तकात भेटलं. तेव्हा पहिल्यांदा आठवली ती आई नाही, त्या स्वयंपाकघराची भिंत. स्टोव्हच्या वर, हात पोचेल तिथपर्यंत घासलेली आणि त्यापलीकडे काळी.

पुस्तकात आणखी एक गोष्ट भेटली होती, ती तिला अजूनही नवलाची वाटे. हवेतला नायट्रोजन. हवेचा एवढा मोठा हिस्सा, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी धरून बसलेले. सुखी जोडप्यासारखे, शेजारी काय जळतंय याच्याशी देणंघेणं नसलेले. पण ज्योत फार तापली, इंजिनाच्या पोटात तापते तेवढी, की तोही सुटतो आणि ऑक्सिजनशी जोडला जातो. म्हणजे इंधन कितीही स्वच्छ असो, नुसत्या उष्णतेने हवाच जळते. हे तिने लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इंजिनाखाली झोपलेला होता. त्याने तिथूनच म्हटलं होतं, "मग तू सांग काय करू. गरम चालवलं तर तुझा नायट्रोजन चिडतो, थंड चालवलं तर काजळी धरते. एकाचं तोंड दाबलं की दुसरा बोलतो. हे तुमच्या पुस्तकात आहे की नाही?" पुस्तकात होतं. पुढे त्याच्यावरच सगळ्या गाड्यांचे कायदे झाले.

नवऱ्याचं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं आणि घर त्याच्या बरोबर वर. गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणत. "घरात एक धूर काढतो आणि एक मोजते," असं नणंद आल्यागेल्याला सांगायची आणि त्या विनोदाला आता वीस वर्षं तरी झाली होती. ओळख झाली तीही धुरावरूनच. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती रस्त्याच्या कडेला पंप लावून नमुना घेत उभी होती. समोरच्या गॅरेजमधून एकजण हात पुसत आला, काही न विचारता वाकून ऐकू लागला आणि म्हणाला, "पट्टा तिरका बसलाय. तुमचं यंत्र हवा कमी ओढतंय." त्याचं खरं होतं. त्याने पट्टा सरळ केला आणि तो करताना अंगठा नेमका चकतीवर टेकवला. अख्खा दिवस उभं राहून घेतलेला नमुना बाद. ती भयंकर चिडली होती, आणि तो अपराधी चेहरा करून उभा, त्या काळ्या अंगठ्याकडे असा बघत होता की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. घरी येऊन तिने ती चकती फेकायच्या ऐवजी भिंगाखाली धरली होती. मखमली काळ्यात अंगठ्याच्या रेषा, एकेक स्वच्छ मोजता येईल अशी. काजळी इतकी बारीक असते, हे इतक्या स्पष्टपणे तिने त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग डोंगर का हवा होता? या प्रश्नाशी आली की ती नेहमी वळून दुसऱ्या कामाला लागायची. नवरा चांगला, नणंद चांगली, घर चालतं, खालचं इंजिन सुरू झालं की कपाटातले पेले एकमेकांना लागून किणकिणतात आणि ते ऐकून तिला जाग येते ती सुखाचीच असते. सुखी माणसाला दुसरीकडे जावंसं वाटू नये. वाटलं तर त्याचं सुख तपासून घ्यायला हवं, खाली काही गळतंय का बघायला हवं. असं तपासायला गेलं की काही सापडत नसे. फक्त रविवारी छातीत काहीतरी दाटून येई. रविवारी गॅरेज बंद. रस्त्यावर गाड्या कमी. नवरा आडवा होऊन पेपर वाचायचा, नणंद झोपायची, पेले गप्प असायचे. आणि खिडकीतल्या स्वच्छ उन्हात बसली की तिला डोंगरावरची पायवाट, तिने एकदाच पाहिलेली, दगडांसकट दिसू लागे. सोमवारी सकाळी खालचं पहिलं इंजिन खोकलं की ते सगळं विरून जायचं. ऑफिसात रविवारचे आकडे तिच्यासमोर यायचे आणि त्यातही दरवेळी तेच. गाड्या कमी म्हणजे हवा चांगली असं धरून चालणाऱ्या नव्या माणसाला ती ते समजावून सांगायची. अहो, काजळी उतरते हे खरं. पण ओझोनचा आकडा बघा, तो वर गेलाय, आणि जमिनीलगतचा ओझोन छातीला वाईटच. ओझोन कोणी धुराड्यातून सोडत नाही. तो उन्हात हवेतल्या हवेत तयार होतो. एरवी गाड्यांच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला जन्मल्याजन्मल्या खाऊन टाकतो. रविवारी खाणारा नसतो, म्हणून तो उरतो. तो रविवारी होतो असं नाही. रोजच होत असतो. रविवारी दिसतो.

हे वाक्य तिने कितीजणांना सांगितलं असेल. स्वतःला उद्देशून कधी म्हटलं नव्हतं. आज स्टुलावर बसल्याबसल्या ते तिच्यासमोर आलं आणि तिला जरासं हसू आलं, मग हसू थांबलं.

दुपारी यंत्राने उत्तर दिलं. जळलेल्या लाकडाची साखर. लाकडातला सेल्युलोज तापून फुटला की एक साखर तयार होते. पेट्रोलमधून ती येत नाही, डिझेलमधून येत नाही, दगडी कोळशातूनही येत नाही. ती सापडली म्हणजे कुठेतरी लाकूड जळलं, याला दुसरा पुरावा लागत नाही. आणि तीही अशी ताजी आणि एवढी, की दूरच्या वणव्याची नव्हे, अंगणातली. डोंगरावर काहीही जाळायचं नाही हा तिथला पहिला नियम. स्वयंपाक विजेवर, शेगडी विजेची, सिगारेट ओढणाऱ्याला तिथे नेमतही नसत. सगळ्या शहराच्या चकत्या ज्या एका चकतीशी ताडून पाहायच्या ती तिथे घेतली जात होती. तिने फोन उचलला.

डोंगरावर अकरा वर्षं एकच माणूस होता; आला होता दोन वर्षांसाठी, पण त्याच्या जागी जायला कोणी तयार होत नव्हतं. ऑफिसात त्याला डोंगरोबा म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तो त्याला ओ देई. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. त्याचीच जागा भरायची होती.

"डोंगरोबा, गेल्या आठवड्यात लाकूड जाळलंत का?"

पलीकडे वारा ऐकू आला.

"कळलं का तुम्हाला?"

"साखर सापडली."

"कसली साखर? मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, बाई."

तिने समजावलं. तो ऐकत राहिला आणि मग मोठा श्वास सोडून म्हणाला, "वीज गेली होती दोन रात्री. पंपाला बॅटरी दिलीय ऑफिसने, मला नाही. जुनी शेगडी होती मागच्या खोलीत, खोकी होती लाकडाची. वारा बघितला होता मी. पंपाच्या उलट्या बाजूला होता. म्हटलं जाईल दरीत. पहाटे फिरला, त्याला मी काय करू?"

"मग नोंद का नाही केलीत? नमुना बाद करून टाकला असता."

"लाज वाटली. अकरा वर्षांत काडी ओढली नाही इथे. आणि खरं सांगू का, थंडी होतीच, पण थंडीला गोधड्या आहेत. मला जरा ज्योत बघायची होती. दिव्याकडे बघत बसता येत नाही हो. ज्योतीकडे येतं. सोबत वाटते."

"पिवळी होती की निळी?" तिने विचारलं. का विचारलं ते तिला कळलं नाही.

"पिवळी. ओली होती थोडी लाकडं. चांगली फडफडत होती, बडबड करत होती म्हणा ना." तो हसला. "आता बोलणी खावी लागणार का मला?"

"नमुना बाद होईल. कारण लिहावं लागेल."

"लिहा. 'म्हातारा गारठला' लिहा. येतंय ना कोणी माझ्या जागी? की कुलूप लावणार?"

"बघू," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने बाद नमुन्याचं कारण लिहिलं, 'केंद्राच्या आवारात लाकूड जाळले', आणि चकती डबीत परत ठेवली. राग यायला हवा होता. एवढ्या शुद्ध जागेत कोणी शेगडी पेटवावी. पण राग येत नव्हता. उलट काहीतरी सैल होत चाललं होतं, घट्ट बसलेला नट तेल पाजल्यावर पहिला अर्धा फेरा फिरतो तसं. इतकी वर्षं तिच्या मनातला डोंगर हा घराच्या विरुद्ध टोकाला होता. इथे धूर, तिथे धूर नाही. इथे गॅरेज, तिथे पांढरी चकती. म्हणूनच तर घरी विचारता येत नव्हतं. डोंगर हवा म्हणणं म्हणजे नवऱ्याच्या काळ्या अंगठ्याला नको म्हणणं, असं तिला वाटत आलं होतं. आणि तो अंगठा तिला नको नव्हता, कधीच नव्हता. आता त्या डोंगरावर एक म्हातारा खोक्याच्या फळ्या मोडून शेगडीपुढे बसला होता. ती जागासुद्धा माणसाचीच होती. तिथे थंडी वाजते, तिथे पाठ वळली की वारा फिरतो, तिथे कोणीतरी हजर राहून नीट मोजायचं असतं. तिला स्वच्छ हवेत जायचं नव्हतं. स्वच्छ हवा मोजायची होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्याला इतक्या उशिरा कळावं याचं तिला नवल वाटलं. पण मनात जे दाटून यायचं ते आज, रविवार नसतानाही, आत तसंच होतं, काट्यावर थांबलेल्या आकड्यासारखं, आणि दिवस कामाचा होता, रस्ता गाड्यांनी भरलेला होता.

संध्याकाळी ती चालत घरी आली. चौकात सिग्नलला गाड्या गुरगुरत उभ्या होत्या आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात त्यांचा धूर निळसर दिसत होता. निळा म्हणजे तेल जळतंय, हे तिला नवऱ्याने शिकवलं होतं. गॅरेजचं अर्धं शटर खाली होतं. वर येऊन तिने हातपाय धुतले. नणंद कांदा परतत होती आणि खिडकी बंद होती.

"ताई, खिडकी उघडा हो, सगळा धूर घरात."

"आली, मोजणारी आली. अगं, कांद्याचा वास आहे तो, धूर नाही. वासाचंही वजन करतेस का आता?"

"करता येतं."

"कर मग. आणि मला सांग कांदा किती ग्रॅम नाकात गेला, तेवढा मी जास्तीचा चिरते."

नवरा मोरीत साबणाने कोपरापर्यंत हात घासत होता; पहिलं पाणी काळं, दुसरं करडं, तिसरं जेमतेम स्वच्छ. जेवायला बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. तिने दोन घास घेतले आणि भात चमच्याने एका बाजूला सारत राहिली.

"घास फिरतोय का गं तोंडात?" नणंद म्हणाली. "मीठ कमी झालंय तर सांग. तोंड शिवून बसू नकोस."

"मीठ बरोबर आहे."

"ऑफिसात काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

तिने डोंगरोबाची गोष्ट सांगितली. तपकिरी रंग, साखर, बॅटरी, त्याची निवृत्ती, दोन वर्षांसाठी भरायची ती जागा. बिनसाखरेच्या चहापाशी नणंदेला ठसका लागला. नवरा मात्र गंभीर होऊन ऐकत होता, कोणी दूरच्या इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवावा तसा.

"ओलं लाकूड कशाला घातलं त्याने? आणि त्या शेगडीला नळी किती उंच होती?"

"ते नाही विचारलं मी."

"तेच विचारायचं असतं. नळी उंच असती तर तुला पत्ता लागला नसता." तो पाणी प्यायला. "अकरा वर्षं एकटा. माणूस भिंतीशी बोलायला लागेल. काय बघत असेल तो रोज?"

"हवा."

"हवा दिसते का कुठे?"

"तिथे थोडी दिसते," ती म्हणाली. "सकाळी. आपल्या शहरावरची. खाली सपाट करड्या झाकणासारखी बसलेली असते. सूर्य वर आला की झाकण उचलतं."

नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "तू कधी बघितलंस?"

"एकदा. नवीन होते तेव्हा. एक दिवस गेले होते."

"सांगितलं नाहीस कधी."

खाली रस्त्यावरून एक जड गाडी गेली आणि कपाटातले पेले किणकिणले. नणंदेने त्याच्या ताटात भात वाढला, तिच्याही वाढला, तिने नको म्हटलं नाही.

"तो म्हातारा सुटला बिचारा," नणंद म्हणाली. "पण आता ऑफिसवाल्यांची पंचाईत. घरदार सोडून, दोन वर्षं, त्या गारठ्यात. आपलं सगळं चांगलं चाललेलं असताना असा कोण वेडा मिळणार आहे त्यांना?"

"मिळेल एखादा," नवरा म्हणाला. "भांडून निघालेला."

"भांडून नाही," ती म्हणाली. तिने चमचा ताटात ठेवला. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा आला. "मी जाणार आहे. उद्या सकाळी ऑफिसात हो म्हणणार आहे."